दुसरी खेप

नाथाजी हवालदारानं बोट घेतली तेव्हा गाव हसलं होतं. ट्रॅक्टर घेणारी, बुलेट घेणारी, ऊसतोडणीचं मशीन घेणारी माणसं चिंचमळीनं बघितली होती. पण रिटायर झाल्यावर हातात आलेला पैसा मोडून बोट घेणारा हा पहिलाच. पांढऱ्या फायबरची, आठ माणसं बसतील एवढी, मागं पेट्रोलचं इंजिन. आणि ती न्यायला दोन चाकांची बुटकी ट्रॉली, कराडच्या एका वर्कशॉपात तीन दिवस स्वतः उभं राहून बनवून घेतलेली. ट्रॉलीवर रबरी रोलर, पुढं हातानं फिरवायची विंच. एकोणीस वर्षं फौजेच्या इंजिनिअर पलटणीत पूल बांधण्यात आणि नद्या ओलांडण्यात गेलेली, त्यामुळं त्याला यातलं कळत होतं.

कळत नव्हतं ते ट्रॅक्टरला जोडलेली ट्रॉली मागं घेणं. स्टेअरिंग डावीकडं वळवलं की ट्रॉली उजवीकडं पळते, आणि जरा जास्त वळवलं की ट्रॅक्टरलाच येऊन भिडते. नाथाजीनं दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा घाटाच्या कठड्याला ठोकर दिली. तिसऱ्या वेळी त्याची सून रेश्मा म्हणाली, "मामा, उतरा. मी बघते."

रेश्मा तासगावची. माहेरी बापाची द्राक्षबाग. लग्नाआधी फवारणीचा ब्लोअर जोडलेला ट्रॅक्टर वेलींच्या दोन ओळींमधून पानाला धक्का न लावता मागं आणायचं तिच्या हाताला वळण होतं. तिनं ट्रॉली सरळ रेषेत नदीत नेऊन उभी केली. त्या दिवसापासून सासरा-सुनेची जोडी जमली. महिन्यातून दोनदा ते घाटावर सराव करायचे. पट्टे सोडायचे. बोटीच्या बुडाचं बूच घट्ट बसलंय का ते दोघांनी वेगवेगळं तपासायचं, कारण बूच विसरलं की बोट ओंजळीसारखी भरते. मग चाकांच्या मधले तुंबे पाण्याखाली जाईपर्यंत मागं यायचं, ट्रॅक्टरच्या चाकांना दगड लावायचे आणि बोट हळूच ढकलायची. परत घेताना तेच उलट: नाक रोलरवर आणायचं, हूक अडकवायचा आणि विंच फिरवत बोट वर ओढायची.

बोट कशासाठी घेतली ते मात्र गावात कुणी विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं.

एकोणीस सालच्या पुरात नाथाजीची बायको मनुबाई गेली. तेव्हा त्यांचं घर खाली मळ्यात होतं, बांधाला बांध असलेल्या जयराजच्या बंगल्याशेजारी. पाणी चढलं तसे दोघं नवरा-बायको स्लॅबवर जाऊन बसले. रेश्मा लहानग्या मुलीला घेऊन माहेरी होती, मुलगा शिवतेज फौजेत, पठाणकोटला. तासगावच्या पोरांची एक बोट आली, तिनं आधी जयराजच्या घरची माणसं घेतली, आणि मनुबाई मागं राहिली. त्या दिवशी बोट परत आलीच नाही. मनुबाईला दमा होता. रात्रभर पावसात भिजून दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला तिचा श्वास थांबला. दुपारी बोट आली तेव्हा नाथाजी तिच्यावर घोंगडं पांघरून बसला होता.

जयराजनं आपली माणसं भरली आणि म्हातारीला टाकून गेला, ही गोष्ट चिंचमळीत पोराबाळांनाही पाठ झाली होती. शिवतेज सुट्टीवर आला तेव्हा त्यानं डेअरीसमोर, चारचौघांत, जयराजच्या कानाखाली वाजवली. जयराजनं पडलेली किटली उचलली आणि काही न बोलता घरी गेला. गप्प बसला म्हणजे दोषी, असं गावानं धरलं. पुढच्या पंचायतीच्या निवडणुकीत त्याला उभं राहायलाही कुणी विचारलं नाही.

एकवीस सालच्या जुलैत कृष्णा पुन्हा चढली. सांगलीच्या आयर्विन पुलाला पाणी किती फूट झालं याचे आकडे मोबाइलवर तासातासाला येत होते. या वेळी लोक शहाणे झाले होते. बहुतेकांनी गुरंढोरं घेऊन शाळेचा आसरा धरला. करोनानं शाळा तशीही बंदच होती. नाथाजीनं आपलं पडलेलं घर पुन्हा बांधलंच नव्हतं, तो आता वर गावात डेअरीच्या मागं राहायचा. घाट बुडाला होता, पण डेअरीपासून मळ्याकडं उतरणारा डांबरी रस्ता थेट पाण्यात शिरत होता. बोट सोडायला त्यापेक्षा चांगला उतार मिळाला नसता.

शनिवारी सकाळी सातला रेश्मानं ट्रॉली त्या उतारावर मागं नेली. नाथाजी गुडघाभर पाण्यात उभा राहून हातानं इशारे करत होता. बोट सुटली, तरंगली, इंजिननं पहिल्या झटक्यालाच सूर धरला. गावचा पोलीस पाटील बिराप्पा लांब बांबू घेऊन पुढं बसला, वाटेतला ऊस आणि विजेच्या तारा बाजूला सारायला. दुपारपर्यंत त्यांनी मळ्यातली अकरा माणसं, चार शेरडं आणि एक शिलाई मशीन बाहेर काढलं. दोन खेपांच्या मधे बोट डेअरीच्या लोखंडी खांबाला बांधून ठेवायचे. हसणारं गाव आता खांबापाशी उभं राहून दोर धरत होतं. एकानं नाथाजीला चहा आणून दिला आणि म्हणाला, "हवालदार, तुमी हाय म्हणून."

दोनच्या सुमाराला बिराप्पाचा फोन वाजला. बोलणं झाल्यावर त्यानं नाथाजीकडं बघितलं.

"जयराज हाय," तो म्हणाला. "बायकापोरं सांगलीत विश्रामबागला धाडल्यात, पर त्येची आई आक्का हटून बसली म्हणून दोघं हितंच ऱ्हायलं. खालचा मजला गेलाय. आक्काला ताप चढलाय. सरकारी बोट उद्या ईल म्हणत्यात."

नाथाजीनं कप खाली ठेवला.

खरं सांगायचं तर या फोनची तो दोन वर्षं वाट बघत होता. बोट घासताना, इंजिनला तेल देताना, रोलरला ग्रीस लावताना त्याच्या डोळ्यांपुढं एकच चित्र असायचं: जयराज वर गच्चीत उभा आहे, आपण खाली बोटीत आहोत, आणि आपण दोनच शब्द बोलतो. ते शब्द त्यानं किती वेळा मनात घोळवले होते याला गणती नव्हती.

"चल," तो बिराप्पाला म्हणाला.

बंगल्याच्या वरच्या गॅलरीला बोट लागली. जयराजनं आईला खुर्चीत बसवून, धोतराच्या पट्ट्यांनी बांधून तयारच ठेवलं होतं. तिघांनी मिळून खुर्ची खाली घेतली. म्हातारी अंगानं तापलेली, पण शुद्धीत होती. जयराजनं एक पाय कठड्यावर टाकला.

"दुसऱ्या खेपेला," नाथाजी म्हणाला.

बिराप्पा मागं वळला. "तात्या, जागा हाय की. पाच जणं बसतील अजून."

"दुसऱ्या खेपेला म्हणलं न्हवं."

जयराज कठड्यावर पाय तसाच ठेवून त्याच्याकडं बघत राहिला. रागानं नाही, आश्चर्यानंही नाही. मग त्यानं पाय काढून घेतला.

"बरं," तो म्हणाला. "तवर गच्चीवर चढवल्याल्या म्हशींची दावी कापतो. आईला डॉक्टर बगा तेवढा."

परतताना नाथाजी इंजिनाच्या दांड्याला घट्ट धरून बसला होता. बोललो एकदाचं, असं त्यानं मनाशी म्हटलं. पण आत काही थंड झालं नाही. उलट तो आणखीच हट्टाला पेटला.

काठाला आल्यावर चौघांनी आक्काला उचलून डेअरीच्या बाकावर झोपवलं. कुणीतरी दोर खांबाकडं न्यायला लागलं.

"बांदू नगं," नाथाजी म्हणाला. "रेश्मा, ट्रॉली लाव."

बोट दुसऱ्या जागेवरून सोडायची असेल असं तिला वाटलं. तिनं ट्रॉली मागं घेतली. नाथाजीनं बोटीचं नाक रोलरवर आणलं, हूक अडकवला आणि विंच फिरवायला सुरुवात केली. खट, खट, खट करत बोट पाण्यातून वर आली. बुडातून पाणी निथळून डांबरावर ओघळत होतं. त्यानं पट्टे आवळले, ओढून बघितले आणि हात पुसले.

"चल वर. झालं आजचं."

रेश्मानं ट्रॅक्टर बंद केला. "मामा, जयराजभावजी कुठं हायत?"

"सरकारी बोट येणार हाय उद्या."

"कोयनेचं दार आणखी उचललंय," बिराप्पा म्हणाला. "पाणी चढतंय. मागली भिंत जुन्या मातीची हाय त्येंची. उद्यापातूर काय सांगावं? तात्या, असं करू नगा."

"तिलाबी ऱ्हावं लागलं हुतं," नाथाजी म्हणाला. "एक रात. तशीच त्येनं काढावी."

दोघातिघांनी माना खाली घातल्या, पण त्यात नकार नव्हता. फिट्टंफाट होत असली की माणसं बघतात, हरकत घेत नाहीत. रेश्मा तेवढी ट्रॅक्टरवर तशीच बसून होती, किल्लीवर हात ठेवून.

तेवढ्यात बाकावरून आवाज आला. "नाथा, हिकडं ये."

नाथाजी जागचा हलला नाही. आक्का कोपरावर उठून बसली. ऐंशीच्या पुढची बाई; नाथाजीला तिनं नागडा पळताना बघितला होता.

"न्हाई येत तर तितनंच ऐक. त्या दिवशी बोटीत मी बसलीवती. माझा जयराज जागंवरनं उठला. काकूला बसवा, मी तात्यासंगट थांबतो, असं म्हणला. म्हणला का न्हाई?"

"आक्का, तापात बोलतीस तू."

"ताप हाय, पर डोकं जाग्यावर हाय. मनुनं पाय टाकलावता बोटीत. तूच तिला दंडाला धरून मागं वडलंस. तुझी जागा तुलाच ऱ्हाऊ दे, म्हणलास माझ्या पोराला. दोन वर्सं मला त्येनं बोलू दिलं न्हाई. आज त्यो गच्चीवर हाय, आता मी कुणाला भ्यायची?"

डेअरीच्या पत्र्यावर पावसाची भुरभुर वाजत होती. दहा-बारा माणसं उभी होती, आणि त्यातलं एकही नाथाजीकडं बघत नव्हतं. रेश्मा तेवढी बघत होती.

खरं होतं ते. त्या उन्हाळ्यात सामाईक पाइपलाइनवरून नाथाजी आणि जयराजचं भांडण झालं होतं. तंटामुक्ती समितीनं जयराजच्या बाजूनं निकाल दिला, आणि चारचौघांत मान खाली घालायची वेळ नाथाजीवर आली. तीन महिनेही झाले नव्हते त्याला. बोट स्लॅबला लागली तेव्हा तोच जयराज उठून जागा देत होता, आणि ते बघून नाथाजीच्या मनात पहिल्यांदा आलं ते पुराचं भय नव्हतं, बायकोचा दमाही नव्हता. याचे उपकार घ्यायचे नाहीत, एवढंच आलं. बोटवाला म्हणाला होता, तासाभरात परत येतो. तासाभराचा तर प्रश्न होता. मनुबाईचा एक पाय बोटीत होता, काखेत बोचकं होतं. तिनं फक्त "आवं…" एवढंच म्हटलं. पुढं काही बोलायची तिला सवय नव्हती. तासगावच्या पोरांचं इंजिन पुढच्या वस्तीपाशी तारांत अडकून बंद पडलं, आणि मग तो एक तास दुसऱ्या दुपारपर्यंत लांबला.

चौथ्या दिवशी शिवतेज आला आणि त्यानं विचारलं, "आण्णा, आई मागं कशी ऱ्हायली?" तेव्हा नाथाजीच्या तोंडून निघून गेलं, जयराजनं जागा दिली नाही. एकदा निघून गेलं ते गेलं. पुढं पुढं सांगताना त्याला स्वतःलाच ते खरं वाटायचं. इतकं खरं, की त्याच्या आधारावर त्यानं बोट घेतली.

रेश्मानं ट्रॅक्टर सुरू केला. मान वळवून, खांद्यावरून मागं बघत तिनं ट्रॉली उताराला लावली आणि थेट पाण्यात नेली, चाकं पूर्ण बुडेपर्यंत. मग खाली उतरून तिनंच चाकांना दगड लावले.

"पट्टे सोडा, मामा," ती म्हणाली.

नाथाजीनं पट्टे सोडले.

या खेपेला बिराप्पा बांबू धरून पुढं पाठमोरा बसला आणि एकदाही मागं वळला नाही. गॅलरीपाशी पाणी वीतभर वाढलं होतं. जयराज बोटीत उतरला, हातात आईच्या औषधांची पिशवी. बोट ऊसाच्या शेंड्यांवरून सरकत निघाली. अर्ध्या वाटेवर नाथाजी म्हणाला, "आक्कानं सांगितलं समद्यांस्नी."

जयराजनं औषधांची पिशवी मांडीवर घेतली. "तिला गप ऱ्हा म्हणलं हुतं."

"कशापायी?"

"शिवतेजची आई गेलीवती. बाप तरी ऱ्हावा त्याला, म्हणलं." मग अगदी साध्या आवाजात: "तुमच्यासाठी केलं न्हाई, तात्या. तुमी मला लय दिवसांपास्नं आवडत न्हाई."

काठाला लागल्यावर तो आईकडं गेला, तिच्या कपाळाला हात लावून बघितला, आणि परत येऊन बोटीचा दोर धरला. वास्तविक त्याला जायला हरकत नव्हती. नाथाजी विंच फिरवत होता, जयराज बोट सरळ राहावी म्हणून कमरेएवढ्या पाण्यात तिला खांदा देऊन उभा होता. बोट चढली. जयराजनं दोराची गुंडाळी करून ट्रॉलीत टाकली आणि आईला घेऊन शाळेकडं निघाला. मघा चहा देणारा माणूस त्याच्या डोक्यावर छत्री धरून चालला होता.

संध्याकाळी शिवतेजचा फोन आला. गावातल्या कुणीतरी बोटीचे फोटो त्याला पाठवले होते.

"आण्णा, त्यालाबी आणलं म्हणं तुमी?"

"आणलं."

"लय मोठं मन हाय तुमचं. मी असतो तर सोडला असता तितंच."

रेश्मा समोर भाकऱ्या थापत होती. तिचे हात थांबले. नाथाजीला वाटलं, आत्ता सांगावं. तोंड उघडलंही. पण पोराच्या आवाजात इतका अभिमान होता, आणि चौतीस वर्षांत त्या पोरानं असं कधी त्याला म्हटलं नव्हतं.

"पाणी उतरंल आता," तो म्हणाला. "काळजी करू नगंस."

त्यानं फोन रेश्माकडं दिला. ती नवऱ्याशी बोलली, मुलगी जेवली म्हणाली, बरं म्हणाली, फोन ठेवला. मग तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "मी न्हाई सांगणार त्येस्नी. ते तुमचं काम हाय. दिवाळीला येत्यात."

दिवाळीला शिवतेज वीस दिवसांच्या सुट्टीवर आला. गावात सगळ्यांना सगळं माहीत होतं, पण बापाबद्दल पोराला सांगायला कुणी पुढं झालं नाही. एके सकाळी बाप-लेक डेअरीवर गेले तेव्हा जयराज रांगेत होता. शिवतेजला बघून त्यानं आपली किटली उचलली आणि बाजूला सरून वाट दिली. शिवतेज त्याच्या पायाशी थुंकला. रांगेतल्या माणसांनी नाथाजीकडं बघितलं. सगळ्यांनी, एकदम.

"चल," नाथाजी शिवतेजच्या दंडाला धरून म्हणाला. "दूध नासंल."

सुट्टी संपायच्या आत रेश्मानं मुलीच्या शाळेचा विषय काढला. विश्रामबागला चांगली शाळा आहे, भाड्यानं दोन खोल्या मिळतायत. शिवतेजला पटलं. डिसेंबरात तिनं सामान हलवलं. जाताना ती वाकून सासऱ्याच्या पाया पडली, गोळ्या कुठं ठेवल्यात ते सांगितलं आणि टेम्पोत बसली. ट्रॅक्टरची किल्ली खुंटीला होती. बोट एकट्याला सोडता येत नाही, आणि नाथाजीबरोबर सरावाला यायला गावातलं कुणी मोकळं नसायचं. फेब्रुवारीत त्यानं बोट ट्रॉलीसकट ग्रामपंचायतीला देऊन टाकली.

पंचायतीनं चावडीमागं पत्र्याची शेड घातली. शिवतेजनं पठाणकोटहून पैसे पाठवले आणि ग्रामसेवकाला फोन करून मजकूर सांगितला. बोर्ड नीट व्हावा अशी त्याची इच्छा होती. कराडहून पेंटर आला. त्यानं दोन दिवस बसून पिवळ्या पत्र्यावर लाल अक्षरं काढली आणि नाथाजीला बोलावून घेतलं.

"महापुरात नावेत जागा न मिळाल्यामुळे मृत्यू पावलेल्या कै. मनुबाई यांच्या स्मरणार्थ," असं लिहिलं होतं. खाली शिवतेजचं नाव, हुद्दा आणि पलटण.

"वाळायच्या आत बघून घ्या, काका," पेंटर कुंचला रॉकेलात बुडवत म्हणाला. "एकदा वाळलं की खोडता येत नाही. काही चुकलंय का?"

नाथाजीनं खिशातनं चष्मा काढला आणि पहिल्या अक्षरापासून सावकाश वाचलं. रंग अजून ओला होता.

"न्हाई," तो म्हणाला. "बरोबर हाय."